चढावर दम सोडणारी डिझेल जीप: फिल्टर बदलला, पण हवा काढली का?

गोव्यातल्या फर्मागुडीच्या चढावर जुनी डिझेल जीप धक्के देत पिकअप सोडायची, सपाटीला ठणठणीत. एअर फिल्टर साफ केला, टाकीचं झाकण बदललं, फरक शून्य. डोकं उठलं होतं. डिझेल फिल्टर उघडला, तर तळाशी पाणी आणि काळा गाळ. गोव्याच्या दमट हवेत नवल नाही म्हणा.

असा फिल्टर बदलायचा तर इंजिन थंड हवं. खाली भांडं ठेवून फिल्टर फिरवून काढा. जुनी रबरी रिंग वरच चिकटलेली नाही ना, बघा. नव्या रिंगला डिझेलचं बोट फिरवा, फिल्टर हातानेच आवळा. मग आत अडकलेली हवा काढायला ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) सैल करून डिझेल ढकलणारा हातपंप मारा: आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. पंप कडक लागेपर्यंत मारा, मगच स्टार्टर. इंजिन चालू ठेवून गळती तपासा.