सहल काढताय? आधी एकीचं बघा

मागच्या वर्षी अजिंठ्याची सहल काढली तेव्हा माझ्या वहीत 31 बाबींची यादी होती. शिट्टी होती, दोरी होती, सुईदोरासुद्धा होता. एकी, म्हणजे लघवीची सोय, नव्हती. तिसरी-चौथीची 41 मुलं, त्यातल्या 19 मुली, सकाळी साडेसहाला निघून रात्री आठला परत. एवढ्या वेळात ही लेकरं एकीला कुठे जाणार, हा प्रश्न मला पडलाच नाही. म्हणून यंदा पहिली ओळ तीच.

जागा निवडताना प्रेक्षणीय काय हे सगळेच बघतात. तुम्ही रस्ता बघा. एरंडोल तालुक्यातून अजिंठा म्हणजे जाऊन-येऊन पावणेदोनशे किलोमीटरच्या वर. चौथीच्या आतल्या मुलांना एवढं लांब नेऊ नये, असं आता माझं स्पष्ट मत आहे. 1819 साली वाघाच्या शिकारीला आलेल्या जॉन स्मिथला ही लेणी दिसली, एवढं सांगितलं, तर पुढे तासभर पोरं "सर, वाघ कुठे हाय?" हेच विचारत होती. चित्रं कुणी बघितली नाहीत, माकडं मात्र सगळ्यांनी. जवळ पद्मालय आहे, कमळाचं तळं बघून मुलं खूश होतात. असोद्याला बहिणाबाईंचं माहेर आहे, जळगावला गांधीतीर्थ आहे. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगमही दाखवता येईल, पण पाण्याजवळ मुलं सांभाळायची हिंमत असेल तरच. माझी नाही. आणि अजिंठ्यालाच जायचं असेल तर वार बघा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी.

जागा ठरली की मोटारसायकल काढून त्या रस्त्याने एकदा जाऊन या. गूगलवर बघून भागत नाही. प्रत्येक थांब्यावर उतरून स्वच्छतागृह स्वतः उघडून बघा. दार आहे का, कडी लागते का, नळाला पाणी आहे का, दिवा आहे का. कुलूप असेल तर चावी कुणाकडे असते आणि तो माणूस दुपारी जेवायला कधी जातो. पेट्रोल पंपवाल्याशी आधीच बोलून ठेवा, अमुक तारखेला चाळीस पोरं येतील म्हणून. सुटे पैसे वेगळ्या पाकिटात. स्टँडवर मुलींकडून पैसे मागितले आणि तुमच्याकडे पाचशेची नोट असली, तर पहिली पाच मिनिटं तिथेच गेली.

हिशोबही करा. 19 मुली, दोन संडास, प्रत्येकीला तीन मिनिटं धरली तरी जवळपास अर्धा तास. मी वेळापत्रकात पाहूरला 'चहा, 10 मिनिटे' असं लिहिलं होतं. चहा माझा. त्या दहा मिनिटांत मुलगे मागच्या भिंतीकडे जाऊन आले आणि मुली बसमध्येच बसून राहिल्या. मी दारातून ओरडलो, "कुणाला जायचंय का?" एकही हात वर नाही. मला वाटलं, झालं.

हे कधीच विचारायचं नाही. पुन्हा सांगतो, विचारायचं नाही, न्यायचं. लागली असो वा नसो, सगळ्यांनी उतरायचं, सगळ्यांनी जाऊन यायचं. आठ वर्षांची पोर चाळीस जणांसमोर सरांकडे बघून हात वर करत नाही.

आणि बाई माणूस सोबत हवीच. मुली असल्या की शिक्षिका पाहिजे हा नियम मला माहीत होता. आमच्या मॅडमना त्या पहाटे ताप भरला. बस दारात उभी, पोरं स्वेटर घालून तयार, म्हणून आम्ही तीन पुरुष तसेच निघालो. चूक माझीच. यंदा दोन बायकांची नावं आधी पक्की केली आहेत: एक मॅडम, दुसरी अंगणवाडीताई. दोघींनाही जमलं नाही तर शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या आईला विनंती करायची. तीही नसेल तर सहल पुढे ढकलायची. पोरं रडतील, रडू द्या.

आता कागदपत्रं. समितीचा ठराव, पालकांची संमती, केंद्रप्रमुखांमार्फत परवानगीचा प्रस्ताव, हे सगळ्यांना पाठ आहे. एवढंच सांगतो, की संमतीपत्र दप्तरात घालून पाठवू नका. कापूस वेचणीचे दिवस असतात, आईबाप अंधार पडल्यावर घरी येतात. संध्याकाळी दारात जाऊन सही घ्या आणि तेव्हाच आईला बाजूला विचारा: गाडी लागते का, दमा आहे का, दर किती वेळाने एकीला जाते. आईला सगळं माहीत असतं, कुणी विचारत नाही इतकंच.

बस एसटीचीच, प्रासंगिक करारावर, म्हणजे अख्खी बस भाड्याने. शालेय सहलीला भाड्यात 50 टक्के सवलत मिळते, मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन आगारात लवकर जा, डिसेंबर-जानेवारीत सगळ्या शाळा तिथेच रांगेत असतात. ड्रायव्हरला थांब्यांचा कागद सकाळीच हातात द्या. नुसतं तोंडी सांगितलं तर तिसऱ्या थांब्याला "मास्तर, आत्ताच तर थांबलो होतो" हे ऐकावं लागतं आणि आपण गप्प बसतो. मी बसलो होतो.

फर्दापूरच्या फाट्यावर आपली बस सोडून तिथल्या बसने लेण्यांपर्यंत जावं लागतं, त्याचं तिकीट वेगळं. लेण्यांना पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, मोठ्यांना आहे. पायऱ्या चढायच्या आधी खालीच सगळ्यांना एकीला नेऊन आणा. वर चढल्यावर "सर, माले एकीले लागनी" आलं की एकासाठी एक शिक्षक खाली उतरतो आणि बाकीच्यांची मोजणी कोलमडते. चित्रांच्या लेण्यांत चपला काढाव्या लागतात, म्हणून लेसचे बूट नकोत.

डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. भरीत नको, बसभर वास. पाणी, टोपी, प्रथमोपचार पेटी हे काय सांगायचं. गाडी लागणाऱ्यांना पुढे बसवा, पिशव्या हाताशी ठेवा, गोळी आईने दिली असेल तरच.

पाण्यावरून आठवलं. परतीला बाटल्या गोळा केल्या तेव्हा मुलग्यांच्या रिकाम्या होत्या आणि मुलींच्या जवळजवळ भरलेल्या. दिवसभर त्यांनी पाणीच प्यायलं नव्हतं. सांगितलं कुणी नव्हतं, त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. मुली पाणी पीत नाहीत असं दिसलं की समजा तुमचे थांबे चुकले.

एकीने मात्र प्यायलं होतं. तिसरीतली. नेरी सोडल्यावर अंधार पडला, पोरं गाणी म्हणत होती आणि ही खिडकीच्या गजाला कपाळ टेकून बसलेली. मला वाटलं दमली. जळगाव यायच्या आत मागच्या सीटवरचा एक जण ओरडला, "सर, इकडे पाणी सांडलं!" तिने स्वेटर काढून मांडीवर धरला होता, त्या थंडीत. माझ्याकडे द्यायला कोरडा फ्रॉक नव्हता, टॉवेल नव्हता, सोबत बाई नव्हती. गावात ती सगळ्यात शेवटी उतरली. आई काही बोलली नाही. पोर चार दिवस शाळेत आली नाही.

म्हणून एक पिशवी: दोन-तीन फ्रॉक, चड्ड्या, मुलग्यांसाठीही एक जोड, टॉवेल, साबण, जुने पेपर. ती बाईंच्या ताब्यात, माझ्या नाही. त्या पिशवीचं नाव मोठ्याने घ्यायचं नाही.

मोजणी डोकी मोजून नको. प्रत्येकाला नंबर द्या, चढताना त्याने स्वतः ओरडायचा. जोडीदार ठरवा. गळ्यात नाव आणि शाळेचा फोन. कागदाची यादी दोघांकडे, मोबाइल बंद पडतो.

निघायची वेळ, पालकांना फोन, परत आल्यावर कोण कुणाच्या हवाली, ते लिहून घ्या. बिलं त्याच रात्री चिकटवा. परतीच्या वाटेवर पाहूरला अर्धा तास थांबा, चहा नाही मिळाला तरी चालेल. सगळ्यांना उतरवा. झोपलेल्यांनाही उठवा.