१९६५-६६ ची फोर्ड मस्टँग साधारण एक इंच खाली कशी घ्यायची

जुन्या मस्टँगचं नाक जरा वर असतं, कारखान्यातूनच तशी यायची, आणि ते खटकायला लागलं की बहुतेकांचा हात आधी ग्राइंडरकडे जातो, स्प्रिंगचे दोन वेढे उडवू म्हणजे झालं काम. तसं करू नका. या गाडीत पुढचं चाक वर-खाली दोन आर्मनी (बॉडीला बिजागरीसारख्या जोडलेल्या दांड्यांनी) धरलेलं असतं, आणि पुढची स्प्रिंग खालच्या आर्मवर नाही तर वरच्या आर्मवर बसते आणि वर शॉक टॉवरमध्ये, म्हणजे इंजिनशेजारच्या बॉडीच्या उभ्या पत्र्याच्या खांबात जाते, शॉक अ‍ॅब्सॉर्बर तिच्या मधून. त्यामुळे स्प्रिंग थोडीशी कापली तरी चाकापाशी जवळजवळ दुप्पट फरक पडतो, आणि गाडी नुसती खाली येते, वळणावर आहे तशीच झुलते.

त्यापेक्षा वरचा आर्मच खाली सरकवायचा. फोर्डचा इंजिनिअर क्लाउस आर्निंगने हे गणित मांडलं, रेसिंगच्या गाड्या बनवणाऱ्या कॅरोल शेल्बीने मस्टँगवरूनच बनवलेल्या १९६५ च्या जीटी ३५० वर वापरलं, म्हणून सगळे शेल्बी ड्रॉप म्हणतात. आर्मचे दोन बोल्ट टॉवरला जिथे लागतात ती भोकं १ इंच खाली आणि १ सूत (इंचाचा आठवा भाग) मागे नवीन पाडायची. स्प्रिंग तीच, तिची वरची जागा पण तीच, पण आर्मचा आतला टोक खाली गेला की बाहेरचा वर जातो, गाडी साधारण ५ सूत खाली बसते. शिवाय वळणावर गाडी कलली की बाहेरचं चाक आधीसारखं वरून बाहेर झुकत नाही, टायर रस्त्याला नीट चिकटतो. खरा फायदा हा आहे, दिसणं बोनस.

सुरुवात मोजण्यापासून. सपाट जागा, टायरमध्ये हवा बरोबर, आणि चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही कोपरे मोजून लिहून ठेवा. डाव्या-उजव्यात मोठा फरक असेल तर पुढच्या स्प्रिंग किंवा मागचे पाटे थकलेत, आधी ते बदला. टॉवर पण वायर ब्रश मारून बघा, या गाड्यांच्या टॉवरला तडे जातात, आणि तडा असेल तर आधी वेल्डिंगवाला, ड्रिल नंतर.

मग मागच्या चाकांना ठोकळे लावा, पुढून गाडी उचला, बॉडीच्या फ्रेमखाली चांगले जॅक स्टँड द्या. फक्त जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही. चाकं काढा, शॉक वरून काढून घ्या.

आता सगळ्यात धोक्याचं काम. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जाईल, थेट सांगतो. बाजारात मिळणारा बाहेरून हुक लावायचा स्वस्त कॉम्प्रेसर इथे बसतच नाही, या गाडीसाठी टॉवरच्या वरून आत उतरणारा वेगळा येतो, अनेक ठिकाणी भाड्यानेही मिळतो. त्याच्या आट्यांना ग्रीस लावा, हाताच्या पान्यानेच आवळा, एअर गन नको, आणि स्प्रिंग हाताने हलायला लागली की मगच आर्मच्या बाहेरच्या टोकाचा बॉल जॉइंट सोडवा. स्पिंडलला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) खालून जॅकचा किंवा तारेचा आधार द्या, नाहीतर सगळं वजन ब्रेकच्या होसवर लटकतं.

आर्म टॉवरपासून सोडताना मध्ये पातळ पट्ट्या, म्हणजे शिम सापडतील. कुठल्या बोल्टवर किती होत्या ते टेप लावून लिहून ठेवा, अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, त्यांच्यावरच असतं.

भोकांसाठी तयार टेम्प्लेट मिळतं, ते जुन्या भोकांना बोल्टने घट्ट बसवा, सेंटर पंच मारा, आधी १ सुताचा ड्रिल, मग टप्प्याटप्प्याने १७/३२ इंचापर्यंत. एकदम मोठा ड्रिल लावला तर तो सरकतो आणि भोक लंबगोल होतं, मग आर्म कधीच जागेवर राहत नाही. कडा घासा, रंग लावा, गंज तिथूनच सुरू होतो. जुनी भोकं बुजवू नका, उद्या परत वर घ्यायची झाली तर लागतील. भोकं एक इंचापेक्षा जास्त खाली न्यायचा मोह होतो, पण मग वरचा बॉल जॉइंट अडकायला लागतो आणि त्यासाठी पाचरीसारखे वेगळे तुकडे (वेज) बसवावे लागतात. रोजच्या गाडीला एक इंच पुरे.

पुढे अजून खाली हवीच असेल तर वेढा कापण्यापेक्षा गाडी एक इंच खाली आणणारी तयार स्प्रिंग घ्या. कापायचीच तर कटिंग व्हीलने, एका वेळी अर्धा वेढा, दोन्ही बाजूंना सारखा. गॅस कटर अजिबात नको, गरम झाली की स्प्रिंगचं पाणी उतरतं.

मागे सोपं आहे. पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्या मध्ये १ इंचाचा लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा आणि लांब यू-बोल्ट. ठोकळ्यावर ठोकळा रचायचा नाही, लाकूड तर नाहीच. पैसे असतील तर मिड-आय पाटे (टोकाचं कडं पाट्याच्या मधोमध असलेले) घ्या, साधारण तेवढंच खाली येतं आणि साठ वर्षांचे जुने पाटे पण जातात. अ‍ॅक्सल आणि बम्प स्टॉपमध्ये (अ‍ॅक्सल वर आपटू नये म्हणूनच्या रबरात) किती जागा उरली ते बघा, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात कमरेत दणका.

रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळू नका, हा नियम पुढे-मागे दोन्हीकडे. गाडी चाकांवर उतरवा, दोन-चार वेळा दाबून हलवा, मगच आवळा. लटकत्या स्थितीत आवळलं तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

थोडी चालवून गाडी बसली की परत मोजा आणि थेट अलाइनमेंटला न्या. दुकानदार कॉम्प्युटरमधले कारखान्याचे आकडे लावेल, ते जुन्या बायस प्लाय, म्हणजे रेडियलच्या आधीच्या टायरसाठीचे आहेत, म्हणून कागदावर लिहून द्या: कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) उणे अर्धा अंश, कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे कल) अधिक २ ते ३ अंश, टो-इन (चाकं पुढून एकमेकांकडे वळलेली) १ सूत. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून टायर फेंडरला लागतो का तेही तिथेच बघून घ्या, आणि दोन-तीनशे मैलांनी यू-बोल्टचे नट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने आवळा, ते सैल पडतातच.