मेयोच्या ओल्या रानात बटाट्याचा गादीवाफा

माझं माहेर आंबेगाव तालुक्यातलं, त्यामुळे बटाटा म्हणजे नांगरट आणि सरी-वरंबा. इथे आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयोत, ते विसरा. पीटाची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची ओली जमीन, वर सततचा पाऊस; नांगर घातला की नुसता राडा. शेजारचे आजोबा लावतात तसं, न नांगरताच लावा.

17 मार्चच्या, म्हणजे सेंट पॅट्रिक्स डेच्या आसपास, गवत आहे तसंच ठेवून चारेक फुटी पट्टे आखा. दोरी उताराच्या दिशेनेच धरा, आडवी धरलीत तर पाणी तुंबेल. दोन पट्ट्यांमध्ये सरीपुरती जागा सोडा. पट्ट्यावर शेणखत पसरा. समुद्र जवळ असेल तर वादळानंतर किनाऱ्याला लागलेलं शेवाळ फुकट मिळतं. बेणं आदल्या दिवशी कापून सुकू द्या, फोडीला एक तरी डोळा हवाच. फुटाफुटावर, डोळा वर करून, फोडी खतावर नुसत्या ठेवा.

आता खरं काम. इथे ते लॉयने करतात: अरुंद पात्याचं, लांब दांड्याचं फावडं, पाय द्यायला एकाच बाजूला जागा. सरीच्या जागेतली गवताची ढेप तीन बाजूंनी कापा, पट्ट्याकडची कड मात्र तोडू नका. पुस्तकाचं पान उलटावं तशी ती फोडींवर पालथी घाला, गवतावर गवत. दोन्ही बाजूंनी हेच. आतलं गवत कुजून खत होतं, सरीतून पाणी निघून जातं. कोंब वर आले की सरीतलीच माती उपसून भर द्या.

करप्याला, म्हणजे पाला काळा पाडणाऱ्या रोगाला, मात्र हलक्यात घेऊ नका. 1845 चा दुष्काळ त्यानेच आणला, आणि गरिबांची सारी भिस्त तेव्हा लम्पर या एकाच वाणावर होती. तापमान 10 अंशांच्या वर, दमटपणा 90 टक्क्यांच्या वर, असं सलग बारा तास राहिलं की तो पसरतो. हवामान खातं तसा इशारा देतं. जुने लोक मोरचूद आणि धुण्याचा सोडा फवारायचे. मी करप्याला दाद न देणारा सारपो मिरा हा वाण लावते. पाला काळा पडलाच तर कापून लांब टाका आणि दोनेक आठवड्यांनीच काढणी करा.

साठवण आपल्या आरणीसारखीच: कोरड्या जागी ढीग, वर पेंढा, वर माती, शेंड्याला हवेपुरता पेंढा उघडा.

आजोबांचा केर्स पिंक वाणाचा बटाटा सालासकट उकडून लोण्याबरोबर खा. रश्शात घालू नका, पार विरघळतो.