तयार सीएसएस गिटमध्ये नको, पॅकेजमध्ये मात्र हवीच

सॅस (सीएसएस लिहिण्याची सोयीची भाषा) वापरून बनलेली सीएसएस, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणारी फाइल, गिटच्या रिपॉझिटरीत (कोडचे बदल नोंदवणाऱ्या साठ्यात) कमिट होत राहिली, तर दोघांनी स्टाइलला हात लावला की मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोघांच्या बदलांची टक्कर, ठरलेलाच. म्हणून बहुतेक प्रकल्प तयार फाइलींचं ‘डिस्ट’ फोल्डर गिटइग्नोअरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) टाकतात, आणि ते योग्यच आहे.

पण घोळ होतो तो इथे: पॅकेजमधून काय वगळायचं ते सांगणारी एनपीएमइग्नोअर फाइल नसेल, तर एनपीएम (जावास्क्रिप्ट पॅकेजं प्रकाशित करण्याचं साधन) पॅकेज बांधताना गिटइग्नोअरचेच नियम लावतं. पॅकेज विनातक्रार प्रकाशित होतं आणि वापरणाऱ्याला स्टाइलशीटच मिळत नाही! यावर उपाय म्हणजे पॅकेज डॉट जेसन या पॅकेजच्या माहिती-फाइलमधली ‘फाइल्स’ यादी. तिच्यात ‘डिस्ट’ लिहिलं की मुख्य फोल्डरमधल्या गिटइग्नोअरवर ती मात करते. बिल्डची (सीएसएस तयार करण्याची) आज्ञा पॅकेज बांधण्याआधी आपोआप चालणाऱ्या ‘प्रीपॅक’ स्क्रिप्टमध्ये ठेवा, म्हणजे प्रत्येक वेळी ताजी सीएसएसच आत जाईल. प्रकाशित करण्याआधी ‘एनपीएम पॅक’ ड्राय-रन (प्रत्यक्ष फाइल न बनवता नुसती चाचणी) पर्यायासह चालवून फाइलींची यादी डोळ्यांखालून घाला. ही सवय खरंच लावून घ्या.

‘फाइल्स’ यादीत सॅसच्या मूळ एससीएसएस फाइलीही असू द्या. रंग किंवा व्हेरिएबल बदलू पाहणाऱ्याला त्या लागतातच. शिवाय डेबियनसारख्या लिनक्स वितरणात पॅकेजसोबत मूळ सोर्स असणं बंधनकारक आहे; नुसती मिनिफाय केलेली (मोकळ्या जागा वगैरे काढून आखडलेली) सीएसएस तिथे चालत नाही.

आणि पॅकेज डॉट जेसनमध्ये ‘साइडइफेक्ट्स’ फॉल्स ठेवलं असेल, म्हणजे न वापरलेल्या फाइली काढल्या तरी चालतील असं सांगितलं असेल, तर सीएसएस फाइली त्यातून वगळा. नाहीतर वेबपॅक (वेबसाइटच्या फाइली एकत्र बांधणारं साधन) त्यांचा इंपोर्ट निरुपयोगी समजून काढून टाकू शकतं.