लूनसाच्या मेणबत्त्या करताय? आधी या चुका टाळा

जुलै संपत आला की इथे डब्लिनमध्ये ओळखीतलं कोणी ना कोणी मला मेणबत्तीचा फोटो पाठवतंच, "बघ गं, लूनसा स्पेशल!" आणि खाली वासांची यादी: पंपकिन, दालचिनी, लवंग. झालं, डोकंच फिरतं माझं.

अहो, लूनसा १ ऑगस्टला असतो. लू नावाच्या केल्टिक देवाचा सण, आयरिशमध्ये ऑगस्ट महिन्याचं नावच लूनसा. ही सुगीची सुरुवात आहे, शेवट नाही. पंपकिन तेव्हा वेलीवर हिरवागार असतो, आणि तो मुळात अमेरिकेतला, इथले जुने लोक तर ऑक्टोबरअखेरच्या साउइनलासुद्धा (हॅलोविनचं मूळ असलेला सण) टर्निप कोरायचे. पंपकिन-दालचिनी हा हॅलोविनचा वास, तोही अमेरिकेतून फिरून आलेला. संक्रांतीच्या मेणबत्तीला उटण्याचा वास लावाल का तुम्ही?

मग लूनसाचा वास कसला? वाळत घातलेलं गवत, गहू, बार्ली, ओट्स, ताजा पाव, डोंगरावरचं हेदर नावाचं फुलझुडूप. आणि बिलबेरी, म्हणजे गडद निळी छोटी रानफळं, कारण जुलैच्या शेवटच्या रविवारी बऱ्याच गावांत लोक टेकडीवर जाऊन बिलबेरी वेचायचे, त्याला बिलबेरी संडेच म्हणायचे (त्याच रविवारी अजूनही मेयो परगण्यातल्या क्रोग पॅट्रिक डोंगरावर हजारो लोक चढतात). माझं सगळ्यात लाडकं मेडोस्वीट, या दिवसांत रस्त्याकडेच्या ओलसर चरांत त्याचे पांढरट तुरे दिसतात, वास मध आणि बदामाच्या मधला. माझं सेंटचं मिश्रण ठरलेलं आहे, गवताचा सेंट सहा भाग, बिलबेरी तीन, मध एक. पावाचा सेंट घालायचाच तर थेंबाथेंबाने, जास्त झाला की केक करपल्यासारखं वाटतं. शिवाय अशा गोड सेंटमध्ये बहुतेकदा व्हॅनिलिन (व्हॅनिलाच्या वासाचं रसायन) असतं, त्याने पांढरं मेण काही दिवसांत तपकिरी पडतं. मी ते पिकल्या गव्हाचा रंग म्हणून खपवते.

आता दुसरी चूक, जी मी स्वतः केलीय. मेणात गव्हाच्या ओंब्या खोचणं.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी इथे सुट्टी असते, त्या वर्षी जेवायला आठ माणसं बोलावलेली, टेबलाच्या मधोमध माझी भलीमोठी मेणबत्ती, कडेने सहा ओंब्या आणि वाळलेली लॅव्हेंडर. पहिला तासभर नुसतं वा वा. मग मेण कडेपर्यंत वितळलं, एक ओंबी सुटली आणि तरंगत तरंगत निघाली वातीकडे, मी इकडे आमटी वाढतेय. तडतड आवाज आला म्हणून बघते तर एका ज्योतीच्या तीन झालेल्या आणि काच काळीठिक्कर. एक पाहुणा पाण्याचा जग घेऊन उठला, मी अशी किंचाळले की बिचारा जागीच थिजला, कारण पेटत्या मेणावर पाणी म्हणजे तापलेल्या तेलात पाणी. स्टीलचं ताट उलटं घातलं वर, विझली. मग दोन मिनिटांनी काच टचकन तडकली आणि सगळं मेण टेबलक्लॉथवर. तो डाग काही केल्या गेला नाही.

त्यामुळे ओंब्या बरणीच्या बाहेर, सुतळीने बांधा, आणि पेटवायच्या आधी सोडून बाजूला ठेवा. मेणात काहीही खोचायचं नाही, फोटो कितीही छान येऊ दे.

बाकीच्या चुका पटापट. केकचा इसेन्स मेणात घालू नका, तो मिसळत नाही, तळाशी जाऊन बसतो. सेंट चमच्याने मोजू नका, वजनकाटा घ्या, मी ५०० ग्रॅम सोया वॅक्सला (सोयाबीन तेलाचं मेण) ४० ग्रॅम घेते, ते ८० ते ८५ अंशांवर घालून दोन मिनिटं सावकाश ढवळते आणि ६०च्या आसपास ओतते. थर्मामीटर नको, अंदाज आहे मला, असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. वात प्रत्येक वेळी पाच-सहा मिलिमीटर ठेवून बाकीची कापा. पहिल्यांदा पेटवली की वरचा थर कडेपर्यंत वितळू द्या, अर्ध्या तासात विझवलीत तर मधोमध विहीर पडत जाते.

आणि घाई. आज ओतली, उद्या पेटवली, परवा मला मेसेज, "वासच येत नाहीये गं, सेंट वाढवू का?" नका वाढवू! सोया वॅक्सला मुरायला दोन आठवडे द्या, झाकण लावून, अंधारात. लोणचं घातल्या दिवशी खाता का? इथे जुन्या काळी लूनसाआधी नवे बटाटे उकरणं चांगलं मानत नसत, जुलै उपासमारीचा महिना असूनसुद्धा थांबायचे लोक.

म्हणजे १५ जुलैच्या आत ओतून ठेवा. २९ तारखेला आठवण झाली तर सरळ मधमाशीच्या मेणाची साधी मेणबत्ती विकत आणा, तिला मधाचा वास आपसूकच असतो.