कीर्तनाला पहिल्यांदा जाताना

मी नारदीय कीर्तनाला पेटीची साथ करते. बुवांसारखंच माझंही तोंड श्रोत्यांकडे असतं, त्यामुळे कोण डुलक्या काढतंय, कोण पदराआड मोबाइल बघतंय, सगळं दिसतं. नव्याने येणाऱ्यांना माझं एकच सांगणं: वेळेवर या. ‘गोष्ट काय, शेवटी असते’ म्हणून निम्मी मंडळी उशिरा येतात आणि गोष्टीची किल्लीच हुकवतात.

त्याचं असं आहे. नमन झालं की बुवा एक अभंग घेतात आणि त्याच्यावर निरूपण करतात. हा पूर्वरंग. मग मध्यंतर: नामगजर होतो, बुवांना हार घालतात, बुक्का लावतात. त्यानंतर उत्तररंग, म्हणजे आख्यान. एकूण दीड-दोन तास. आता समजा, पूर्वरंगाला तुकोबांचा ‘जे का रंजले गांजले’ आहे आणि आख्यान दामाजीपंतांचं लावलंय. मंगळवेढ्याला दुष्काळ, दारात उपाशी माणसं, आणि पंत बिदरच्या बादशहाचं कोठार खुलं करतात. नेमकं तिथे बुवा बोलता बोलता थांबतात, माझ्याकडे नुसतं बघतात, मी सूर धरते आणि ते ‘त्यासि म्हणे जो आपुले’ एवढीच ओळ उचलतात. सुरुवातीपासून बसलेल्यांच्या माना त्या क्षणी वर येतात. उशिरा आलेला म्हणतो, चाल छान आहे.

कीर्तन कुठे असतं हे शोधायला फार धडपड नको. चैत्रात पाडव्यापासून रामनवमीपर्यंत, चातुर्मासात, गोकुळाष्टमीला, माघात दासनवमीला राममंदिर, विठ्ठलमंदिर, दत्तमंदिरात डोकवा. बाहेरच्या फळ्यावर बुवांचं नाव, वेळ आणि बहुतेकदा आख्यानाचा विषयही खडूने लिहिलेला असतो. मुंबईकरांना दादरची अखिल भारतीय कीर्तन संस्था आहे. तिथे कीर्तन शिकवतातसुद्धा. वारकरी कीर्तन मात्र वेगळं. तिथे मागे टाळकरी उभे, पखवाज, वीणा, आणि सगळं कीर्तन एका अभंगाभोवती फिरतं; पूर्वरंग-उत्तररंग अशी विभागणी नसते. तेही ऐका, पण आख्यानाची वाट बघत बसू नका.

बसायचं कुठे? स्पीकरसमोर नको, कानठळ्या बसतात. मधली तिसरी-चौथी रांग उत्तम. गुडघे दुखत असतील तर भिंतीकडेच्या खुर्च्या बिनधास्त घ्या, कोणी काही म्हणत नाही. मुलांना अगदी पुढे बसवा. बुवा त्यांना प्रश्न विचारतात, आणि मग घरी येऊन तीच तुम्हाला गोष्ट सांगतात. बुवा उभे असतात ती नारदाची गादी. तिच्यावर पाय देऊ नका, समोरून आडवेही जाऊ नका. शेवटी सत्तरीच्या आजोबांनी पंचविशीच्या कीर्तनकार मुलीला वाकून नमस्कार केला तर चमकू नका, तो नमस्कार गादीला असतो.

आणि गप्प बसू नका! ‘बोला पुंडलिक वरदा’ म्हटल्यावर ‘हारि विठ्ठल’ मोठ्याने आलं पाहिजे. टाळी तबल्याच्या ठेक्यावर, गाण्यात गुंगून पुढे पळायचं नाही. श्रोते थंड असले की बुवा साकी-दिंडीसारखी पद्यं गाळतात, विनोद आखडतात आणि आख्यान चटकन गुंडाळतात. हे मी इतक्या जवळून बघते, की पहिल्या गजरालाच आज घरी किती वाजता पोहोचणार ते कळतं.

आरतीनंतर तबक फिरतं. सुटे पैसे खिशात ठेवा, यथाशक्ती टाका. बऱ्याच ठिकाणी बुवांची बिदागी आणि आम्हा साथीदारांचं मानधन त्यातूनच निघतं. ऑनलाइन ऐकणाऱ्यांनीही पडद्यावरच्या क्यूआर कोडकडे काणाडोळा करू नये.

ऑनलाइनचं म्हणाल तर आधी वेळ जुळवा. पुण्यात संध्याकाळचे साडेसहा म्हणजे उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे नऊ, लंडनला दुपारचे दोन, दुबईत पाच. फोनच्या स्पीकरवर डग्गा ऐकूच येत नाही, त्यामुळे इअरफोन किंवा बरा स्पीकर लावा. झूमवर असाल तर माइक बंद ठेवा: तुमची टाळी इथे उशिरा पोहोचते आणि ठेक्याचा विचका होतो. घरात मात्र खुशाल मोठ्याने म्हणा. आयोजक तुम्हीच असाल तर ‘ओरिजिनल साउंड’ चालू करायला विसरू नका, नाहीतर झूम पेटीच्या लांब सुराला गोंगाट समजून दाबून टाकतं. भाजी निवडत ऐकायचं तर उत्तररंगात निवडा; पूर्वरंगाला हात रिकामे हवेत.

रामनवमीचं कीर्तन तेवढं प्रत्यक्षच गाठा. भर दुपारी बाराला जन्म व्हायचा असतो. पावणेबारापासून बुवांचा एक डोळा घड्याळावर, कथा थोडी ताणायची की आवरायची हे तबल्याला खुणेने सांगणं, मग ठोक्याला गुलाल, पाळणा आणि हातावर सुंठवडा. थेट प्रक्षेपणात हा जन्म काही सेकंद उशिरा होतो आणि सुंठवडा तर मिळतच नाही. साडेदहाला जाऊन जागा धरा. अकरानंतर खांबामागचीच उरते.