बाण कापायची घाई नको
पारंपरिक धनुष्यावर सहसा २८ इंच ओढीचं वजन, म्हणजे दोरी तेवढी ओढून धरायला लागणारा जोर, लिहिलेलं असतं. तुमची ओढ २६ इंच असेल तर चार-पाच पाउंड कमीच मिळतात. स्पाइन, म्हणजे बाणाच्या काडीचा कडकपणा, त्या हिशेबाने निवडा. कार्बनच्या काड्यांमध्ये ५०० पेक्षा ६०० नंबर मऊ, हे नवखे हमखास उलटं धरतात. काडी पूर्ण लांबीचीच घ्या. मग खाडीकडचा वारा सुटण्याआधी, सकाळीच, पंधरा मीटरवरून पिसांचे दोन-तीन आणि बिनपिसांचा एक बाण सोडा. उजव्या हाताने ओढत असाल आणि बिनपिसांचा पिसांच्या बाणांच्या डावीकडे लागला तर काडी कडक, टोक जड लावा. उजवीकडे लागला तर मऊ: टोक हलकं करा, नाहीतर पाव-पाव इंच कापत जा. बांबूचे बाण ठाण्याच्या पावसाळी दमटपणात वाकतात, ते आधी सरळ करून घ्या.